तिसऱ्या रांगेखालचे एकोणीस टेकू

टेकूतात्या कुठेही बसण्याआधी ती जागा काठीने ठोकून बघत. दवाखान्यातला बाक असो की बँकेतली खुर्ची, आधी फरशीवर दोन टकटक, मग क्षणभर थांबून तिसरी. कान जरासा कलता. आवाज पटला तर बसायचे, नाही तर उभ्याउभ्याच काम उरकून निघायचे.

"काय तात्या, काय म्हणते फरशी?" किराणावाला विचारायचा.

"म्हणते, मापात पाप करणाऱ्याच्या दुकानात फार वेळ उभा राहू नकोस."

किराणावाला हसायचा आणि वजनकाट्यावरचं बोट काढायचा.

ही सवय त्यांना सतराव्या वर्षी लागली, जमिनीखाली. आज जिथे चौकात सिग्नल आहे आणि कोपऱ्यावर मोबाइलचं दुकान आहे, तिथे तेव्हा खाणीचं तोंड होतं. गाव म्हणजे कंपनीने बांधलेल्या पाच रांगा. एका रांगेत बावीस खोल्या, प्रत्येक दोन रांगांमध्ये एक नळ, आणि सगळ्यांच्या खिडक्यांच्या गजांवर काळा थर. शहर तेव्हा लांब होतं. शहरात जायचं म्हणजे धुतलेला सदरा घालायचा.

खाणीत कोळसा सगळाच्या सगळा काढत नाहीत. मध्ये मध्ये खोलीएवढाले खांब सोडतात, कोळशाचेच, आणि वरची जमीन त्यांच्या जिवावर उभी राहते. एखादा भाग कायमचा संपवायचा ठरला की मग ते खांबही काढून घेतात. तेवढ्यापुरते छताला लाकडी टेकू देतात आणि सगळ्यात शेवटी ते टेकूही काढतात. माणसं मागे सरकतात, छत त्यांच्या पुढ्यात बसतं. टेकू लावणारे खाणीत पुष्कळ होते. काढणारे चारच, आणि त्या चारांत तात्या. छतावर दांड्याने ठोकायचं. टणक आवाज आला म्हणजे छत झोपलंय. भद्द आला म्हणजे ते जागं होतंय. टेकूच्या पायाला साखळी अडकवायची, लांब उभं राहायचं, आणि लांब दांड्याच्या घणाने पायावर एकच घाव. दुसरा घाव घालायला वेळ मिळेल या हिशेबाने जो जातो तो परत येत नाही. तात्यांचा हिशेब बावीस वर्षांत एकदाच चुकला. त्यात डाव्या हाताची करंगळी गेली.

लग्नानंतरही ते उताणेच झोपत, छताकडे तोंड करून. बायको म्हणायची, "ते छत काही पळून जात नाही. जरा इकडे बघितलंत तरी चालेल."

मुलगी झाली ती लग्नानंतर सात वर्षांनी. जन्मली तीच मुठी आवळून, कुणावर तरी खार खाऊन आल्यासारखी. तात्यांनी तिचं नाव ठिणगी ठेवलं. शाळेत दुसरं नाव होतं, पण ते फक्त हजेरीपुरतं. "खाणीत ठिणगी चालत नाही," ते खांद्यावर तिला घेऊन सगळ्यांना सांगायचे, "म्हणून घरी ठेवलीय." पाळी संपवून आले की ती त्यांच्या काळ्या गालावर बोटाने रेघा ओढायची, आणि त्या पुसल्या जाऊ नयेत म्हणून ते आंघोळ लांबवायचे. बायको पाणी दोनदा तापवायची आणि दोनदा ऐकवायची.

खाण बंद होणार हे दोन वर्षं आधीच कळलं. वस्तीखालचे खांब सोडायचे, हा नियम खाणीच्या पहिल्या दिवसापासूनचा होता. पण त्या दोन वर्षांत व्यवस्थापकाने तोंडी हुकूम दिला. वस्ती उठणार आहे, म्हणाला. नदीपलीकडे सगळ्यांना नवी घरं मिळणार आहेत. रिकाम्या घरांखाली चांगला कोळसा कशाला सोडायचा?

बोलणं बरोबर वाटलं. सगळ्यांनाच वाटलं. त्या खोल्यांत राहणारी माणसं आपापल्या खोल्यांच्या खाली गेली आणि खांब काढू लागली. त्यावर चेष्टाही चालायची. "आज तुझ्या मोरीखाली आलोय," कुणीतरी म्हणायचं. "वहिनींना सांग, पाणी जपून सांडा, डोक्यावर येतंय." नकाशा काढणारा मोजणीदार तोवर दुसरी नोकरी धरून निघून गेला होता. कागदावर खांब होते तसेच राहिले. खाली एकेक करून गेले.

तिसऱ्या रांगेखालचा पट्टा शेवटचा होता. तात्यांची स्वतःची खोली त्याच रांगेत. त्या दिवशी एकोणीस टेकू काढायचे होते. सोबतच्या माणसांना त्यांनी मागे पाठवलं, पहिल्या टेकूला साखळी अडकवली, घण उचलला, आणि थांबले. अकरा वाजले असतील. त्या वेळी वर ठिणगीची आंघोळ चाललेली असायची. वस्ती अजून उठलेली नव्हती. उठेल तेव्हा उठेल. त्यांनी साखळी सोडवली, खांद्यावर टाकली आणि बाहेर येऊन मुकादमाला सांगितलं, "काढले."

कंपनीशी त्यांनी केलेली तेवढी एकच लबाडी, आणि तेवढ्या लबाडीवर तिसरी रांग उभी राहिली.

खाण बंद झाली. तोंडात काँक्रीट ओतलं. नदीपलीकडची घरं काही झाली नाहीत. आधी पुढच्या वर्षी म्हणाले, मग कंपनीच दुसऱ्या कंपनीने घेतली, मग विचारायला कुणी उरलं नाही. माणसं आहेत तिथेच राहिली. पाय कशावर टेकलेत हे प्रत्येकाला माहीत होतं, कारण प्रत्येकाने ते स्वतःच्या हाताने पोखरलं होतं. कुणी कुणाला काही बोललं नाही. बोललं असतं तर जायचं कुठे?

मग शहर आलं. आधी बस आली. गावाचा थांबा पहिली काही वर्षं शेवटचा होता, मग मधला झाला, मग बस तिथे फक्त हात केला तरच थांबू लागली. शेतांच्या जागी बारा-बारा मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. त्यांनी बोअरवेल खणल्या. खाणीत साचलेलं पाणी उन्हाळ्यात खाली जायचं, पुन्हा वर यायचं. हे तात्यांना चौथ्या रांगेतल्या जुन्या विहिरीवरून कळायचं. पूर्ण बुडालेलं लाकूड टिकतं, पूर्ण कोरडंही टिकतं. ओलं-सुकं होत राहतं तेच कुजतं. विहिरीत वाकून बघून आले की त्या दिवशी ते कमी जेवायचे.

बायको गेली. ठिणगीचं लग्न झालं. नवरा शहर बसचा ड्रायव्हर, अबोल माणूस, दिवसभर गर्दीचं ऐकून आल्यामुळे घरी स्वतःचं काही बोलायचं त्याच्या जिवावर यायचं. तो इथेच राहायला आला. दोघांनी मिळून खोलीवर एक मजला चढवला, मग दुसरा. वरच्या मजल्यावर ठिणगीची दोन शिलाई मशिनं होती. त्या बारा मजली इमारतींच्या खिडक्यांचे पडदे ती शिवायची. तात्यांना खालची मागची खोली होती, स्वयंपाकघराला लागून.

"चढवू नकोस," ते दोन्ही वेळा म्हणाले होते.

"बाबा, तुम्ही खाणीतून बाहेर येऊन तीस वर्षं झाली," ती म्हणाली. "खाण तुमच्यातून कधी बाहेर येणार?"

स्वयंपाकघराचं दार अडकायला लागलं. सुताराने वरचा कोपरा तासून दिला. चार महिन्यांनी ते खालच्या कोपऱ्याला अडकलं.

तात्या बहात्तरचे झाले त्या वर्षी महापालिकेने पाचही रांगा नियमित करायला घेतल्या. आजवर ती घरं कागदावर कंपनीची होती, आणि कंपनी कुठेच नव्हती. आता ती राहणाऱ्यांच्या नावावर होणार होती. अट एकच राहिली. खाणीचा शेवटच्या दोन वर्षांचा नकाशा सापडत नव्हता, म्हणून त्या काळात खाली काम केलेल्या आणि हयात असलेल्या प्रत्येकाने लिहून द्यायचं की वस्तीखालचे खांब शाबूत आहेत. एकानेही उलट सांगितलं तर जमिनीची तपासणी होणार, आणि तपासणी होईपर्यंत पाचही रांगा धोकादायक यादीत. धोकादायक म्हणजे घर रिकामं करायची नोटीस.

असे सात जण उरले होते. सहांनी सह्या केल्या.

सहावा सुरुंगवाला. खाणीत सुरुंग लावून लावून त्याचे कान गेले होते, म्हणजे हवे तेव्हा गेलेले असायचे. तात्या त्याच्या ओट्यावर गेले, ठोकून बसले आणि विचारलं, "सही केलीस?" सुरुंगवाल्याने कानामागे हात नेला नाही. म्हणजे प्रश्न नीट पोचला होता.

"माझी तीन पोरं त्या घरात राहतात," तो म्हणाला.

"म्हणूनच विचारतोय."

"म्हणूनच केली."

तात्या काठी टेकत ओट्यावरून उतरले.

सातवा कागद ठिणगीने जेवणं झाल्यावर टेबलावर ठेवला. पुसून कोरड्या केलेल्या जागी, पेनसकट.

"बाबा, इथे."

"वाचलंय मी. यात खांब शाबूत आहेत म्हणून लिहिलंय."

"असतील."

"मी काढलेत ते, ठिणगे."

"पण टेकू ठेवलेत ना? एकोणीस. लहानपणापासून ऐकतेय. मग आहे की आधार."

"तेहतीस वर्षं झाली त्या लाकडाला. मला बहात्तर झाली. माझ्याकडे बघ आणि सांग, माझ्यावर दोन मजले चढवशील का?"

"चढवलेच आहेत की, मामा," जावई मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला.

तो विनोद होता की काय हे कुणाला कळलं नाही. ठिणगीने पेन उचलून पुन्हा कागदाला समांतर ठेवलं.

"आई पत्र्याखाली जगली आणि पत्र्याखालीच गेली," ती म्हणाली. "मी अठरा वर्षं लोकांच्या खिडक्यांचे पडदे शिवतेय. माझ्या खिडकीला अजून जुनी चादर आहे, आधी घर नावावर होऊ दे म्हणून. आता एक सही उरलीय. आणि ती कुणाची, तर माझ्याच बापाची."

"तपासणी झाली तर दुसरीकडे घरं द्यावी लागतील त्यांना."

"नदीपलीकडे?" ती म्हणाली.

तात्यांनी कागद बोटाने तिच्याकडे परत सारला.

"सुनावणीत मी खरं ते सांगणार," ते म्हणाले. "त्यांना मानावं लागतं. खाली काम केलेल्या माणसाचं म्हणणं आहे."

"शुद्धीत असलेल्या माणसाचं," जावई हळूच म्हणाला. "खाली बारीक अक्षरात लिहिलंय तसं."

ठिणगीने नवऱ्याकडे पाहिलं. मग कागद घडी करून ब्लाउजपिसांच्या कपाटात ठेवला.

सुनावणीला तीन आठवडे होते. तात्या सही करणार नाहीत ही बातमी पाच रांगांत पसरायला एक सकाळ पुरली. किराणावाल्याला तात्या दिसेनासे झाले. समोर उभे राहिले तरी तो त्यांच्या खांद्यावरून मागच्या गिऱ्हाईकाला विचारायचा, "बोला, काय देऊ?" बसथांब्यावरच्या बाकावर रोज चार म्हातारे बसत आणि पाचव्याची जागा राहत असे. आता ते येताना दिसले की चौघे ऐसपैस सरकून बसायचे. पूर्वी फक्त मुलं त्यांच्या मागे दारं ठोकायची. आता मोठी माणसंही ठोकू लागली, ओळीने, एका दारामागून दुसरं, तात्या पुढे जातील तशी. दोन टकटक, मग थांबून तिसरी. बायका भांड्यांवर ठोकायच्या. एका सकाळी त्यांच्या खिडकीखाली कुणीतरी गटारातला गाळ आणून ओतला, अगदी हौसेने, दोन घमेली भरून.

पाचव्या रांगेत एक विधवा होती. तिच्या नवऱ्याला एकदा तात्यांनी दगडाखालून ओढून, पाठीवर घालून वर आणलं होतं. तो पुढे बारा वर्षं जगला. तिने त्यांना नळावर गाठलं.

"त्यांना वर आणलंत त्याचे उपकार आहेत माझ्यावर," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "पण तुम्ही कशाला आलात वर?"

नळावरच्या बायका हसल्या. सगळ्या नाही, पण ज्या हसल्या नाहीत त्यांनी बादलीत बघितलं.

हे सगळं तात्यांनी सोसलं. खाणीत माणूस आवाजाला घाबरत नाही, आवाज थांबला की घाबरतो. घरात आवाज थांबला होता.

ठिणगीची पडद्यांची मापं लिहायची एक लांबडी वही होती. ती उलटी करून मागच्या पानांपासून तिने काहीतरी लिहायला घेतलं होतं. एकदा ती वर मशीनवर असताना तात्यांनी ते वाचलं. अक्षर सुंदर होतं, तारखा समासात होत्या. सोमवार, गॅस चालू ठेवून फिरायला गेले. बुधवार, मला आईच्या नावाने हाक मारली. गुरुवार, जेवण झाल्यावर पुन्हा जेवायला मागितलं. यातलं काहीही झालेलं नव्हतं. त्यांना आधी वाटलं, झालंही असेल. माणसाच्या मनात असं येतं. पलंगावर बसून त्यांनी सोमवार सकाळपासून आठवून पाहिला, अगदी चहाच्या कपापर्यंत. सगळं आठवलं.

शनिवारी दुपारी ते खोलीत पडले होते आणि दार बोटभर उघडं होतं. ठिणगी स्वयंपाकघरात आली. खिडकीत ठेवलेला त्यांचा चष्मा तिने उचलला, चिंधीने दोन्ही काचा पुसल्या. मग साखरेचा डबा उघडला. काचांना चरे पडू नयेत म्हणून चष्मा एका पडद्याच्या तुकड्यात गुंडाळला, डब्यात ठेवला आणि वरून चमच्याने साखर सारखी केली.

संध्याकाळी तिने नवऱ्याला आणि शेजारच्या दोघांना चहाला बोलावलं. डबा उघडला, आणि चष्मा हाती लागल्यावर ती तिथेच खाली बसली. "बघा," म्हणाली. "आता काय करू मी यांचं?"

शेजारीण तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. तात्या दारात उभे होते. बोलायचं ते एकच वाक्य होतं. पण चारचौघांत आपल्या पोरीला खोटारडी म्हणायला त्यांची जीभ उचलली नाही. त्यांनी चष्मा घेतला, दांडीवरची साखर झटकली आणि डोळ्यांवर चढवला.

"गोड लागत असेल आता सगळं," शेजारी म्हणाला, आणि बायकोने त्याला कोपराने ढोसलं.

डॉक्टर कोपऱ्यावरचेच. दवाखान्यावरचा त्यांचा मजला अर्धा बांधून अडकला होता. त्यांनी तात्यांना वार विचारला, महिना विचारला, शंभरातून सात वजा करत जायला सांगितलं. तात्या त्र्याण्णव, शहाऐंशी करत करत दोनपर्यंत आले आणि "पुढे उधार," म्हणाले. डॉक्टर हसले. "छान," म्हणाले, आणि बराच वेळ लिहीत राहिले.

"काय लिहिलंत?"

"औषध."

औषध काही मिळालं नाही. कागद ठिणगीने घेतला.

सुनावणी प्रभाग कार्यालयात होती, सकाळी अकरा वाजता. लांबट खोली, फाइलींनी दबलेली दोन टेबलं, आणि निम्म्या खोलीलाच वारा घालणारा पंखा. वस्तीतले तीस-चाळीस जण दारात आणि जिन्यावर दाटीने उभे होते. टेबलामागे महापालिकेची इंजिनिअर बसली होती, तिशीची असेल, केस घट्ट बांधलेले, समोर स्वच्छ कागद. तिने तात्यांना बसायला सांगितलं. तात्यांनी खुर्चीपुढची फरशी ठोकली. दोन, मग एक.

दारात हशा पिकला. टेबलाशी बसलेल्या कारकुनाने काहीतरी टिपून घेतलं.

ठिणगीने वही ठेवली, वहीवर डॉक्टरांचा कागद ठेवला. इंजिनिअरने दोन्ही वाचलं. मग बाजूला सारून म्हणाली, "मला त्यांनाच विचारू द्या. आजोबा, तुम्ही खाणीत काय करायचात?"

"टेकू काढायचो, मॅडम."

आणि तात्या बोलू लागले. इतक्या वर्षांत त्यांना कुणी असं विचारलंच नव्हतं. व्यवस्थापकाचा तोंडी हुकूम सांगितला. कुठल्या रांगेखालचे खांब कुठल्या महिन्यात निघाले ते सांगितलं. टेबलावर बोटाने तिसऱ्या रांगेखालचा पट्टा काढून दाखवला. इथून सात, इथे सहा, आणि इथे वळणावर सहा, एकूण एकोणीस, आणि हे वळणावरचे बरोबर आमच्या स्वयंपाकघराखाली येतात. विहिरीचं पाणी कसं वर-खाली होतं ते सांगितलं. आवाज चढला नाही. एकदाही अडखळले नाहीत. इंजिनिअरने लिहायचं थांबवलं, पुढचा कागद काढला आणि म्हणाली, "थांबा. वळणापासून पुन्हा सांगा."

दारातली कुजबुज थांबली. सुरुंगवाला जिन्यावर होता. त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

ठिणगीने ओळखलं की घर जातंय.

"मॅडम," ती उठून उभी राहिली. "हे त्यांचं पाठ आहे. जुनं सगळं असंच धडाधडा सांगतात. डॉक्टरांनीही तेच लिहिलंय, जुनं राहतं, आजचं जातं. आजचं विचारा त्यांना. मी कोण, ते विचारा. आज सकाळपासून मला ओळखत नाहीयेत."

खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं की ही थाप आहे. सकाळी बसमध्ये बाप-लेक शेजारी बसून आले होते, आणि उतरताना तात्यांनी "ठिणगे, पिशवी राहिली" म्हणून तिला हाक मारलेली निम्म्या बसने ऐकली होती. पण कुणी हूं की चूं केलं नाही.

इंजिनिअरने ठिणगीकडे पाहिलं, मग तात्यांकडे वळली. "आजोबा, या कोण?"

तात्यांनी मान वळवली. ठिणगीच्या खांद्यावर पांढऱ्या दोऱ्याचा तुकडा चिकटला होता. अंगठ्याला सुया टोचून टोचून घट्टा पडला होता. मुठी आवळलेल्या होत्या, जन्मली तेव्हासारख्या. माझी मुलगी, एवढं म्हटलं की झालं. वही खोटी ठरते, डॉक्टरांचा कागद खोटा ठरतो, खोटा दाखला दिला म्हणून तिच्यावरच शेकतं, आणि वस्ती जन्मभर तिला नळावर गाठत राहते. हे त्यांना दिसत होतं. आणि चष्म्याभोवती गुंडाळलेला पडद्याचा तुकडाही दिसत होता. इतक्या काळजीने केलेलं त्यांना सहन होत नव्हतं.

त्यांनी लांब उभं राहून घाव घातला, एकच.

"नाही ओळखत," ते म्हणाले. "कोण बाई आहेत या? मला मूलबाळ नाही."

इंजिनिअरने तात्यांचं सांगणं लिहून घेतलेले कागद दुमडले आणि ड्रॉवरमध्ये टाकले. दारात कुणीतरी सुटकेने हसलं, मग आणखी दोघे. ठिणगी उभीच होती. तिला हवं होतं ते मिळालं होतं, आणि बसावं की नाही हे तिला सुचत नव्हतं.

परतीच्या बसमध्ये तिने पाण्याची बाटली पुढे केली. "बाबा, पाणी?"

"राहू द्या, बाई," तात्या म्हणाले. "तुम्ही कशाला तसदी घेता?"

तिला वाटलं, उतरेपर्यंत राग जाईल. मग वाटलं, आठवड्यात जाईल. तात्या त्यानंतर चार वर्षं जगले, आणि चार वर्षांत त्यांच्या तोंडून ठिणगी हा शब्द आला नाही. ताट समोर आलं की म्हणायचे, "फार उपकार, बाई." जावयाला साहेब म्हणायचे. तापात बरळले तेव्हाही बायकोला हाक मारली, मुकादमाला मारली, तिला नाही. दुसऱ्या वर्षी ती त्यांच्या पलंगाजवळ बसून म्हणाली, "बाबा, आता कुणी नाहीये इथे. बोला." ते तिच्याकडे सभ्य माणसाने परक्या बाईकडे बघावं तसं बघत राहिले. ते सोंग आहे की खरंच तसं झालंय, हे तिला कळेना. डॉक्टरांना विचारायची सोय नव्हती. त्यांनी आधीच लिहून दिलं होतं.

घर नावावर झालं. तिसरा मजला चढला. खिडक्यांना नवे पडदे लागले, गडद निळे, दुहेरी अस्तराचे. किराणावाला तात्यांना पुन्हा बघू लागला आणि बाकावरची पाचवी जागा मोकळी झाली. वेड्या माणसावर कोण राग धरतो? त्यांची काठी मात्र ठिणगीने माळ्यावर टाकली होती. तो आवाज तिला सोसत नसे.

चौथ्या वर्षी तात्या पलंगावरून उठेनासे झाले. अशाच एका दुपारी ते उताणे पडले होते, छताकडे बघत. स्वयंपाकघराचं दार तेव्हा लागतच नव्हतं, म्हणून नेहमीसाठी काढून भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं. तिकडून आवाज आला. फरशीवर दोन टकटक, मग थांबून तिसरी.

ठिणगी गुडघ्यांवर बसली होती. हातात पडदे कापायची मोठी कात्री उलटी धरलेली, मुठीने फरशी ठोकत होती, कान जरासा कलता ठेवून. वळणावरच्या सहा टेकूंच्या वर. तिने जागा बदलली, पुन्हा ठोकलं. मग उठून तात्यांच्या दारात आली.

"बाबा, आवाज भद्द येतोय," ती म्हणाली. "आता काय करायचं?"

तात्यांनी तो आवाज ऐकला होता. किती भद्द आहे आणि किती दिवसांचा आहे, हेही त्यांना पडल्यापडल्या सांगता आलं असतं. त्यांनी छतावरची नजर काढून तिच्याकडे नेली, तिच्या हातातल्या कात्रीकडे नेली, आणि अगदी अदबीने म्हणाले,

"मला यातलं काय कळणार, बाई? तुमचे वडील खाणीत होते ना? त्यांना विचारा."

ती वळली आणि जिना चढून गेली. थोड्या वेळाने वर मशीन सुरू झालं.